झळाळीमागची काच: बोहेमियातले सहा दिवस

आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटात सतरा सेंटीमीटर उंचीची एक काचेची फुलदाणी आहे. बाबांनी ती 1974 साली मुंबईच्या चोरबाजारातून आणली होती. दुकानदाराने तिला एका प्रसिद्ध अमेरिकी काचकाराच्या नावाने 'टिफनी' म्हटले आणि घरात तिला तेच नाव पडले. तिच्या पोटाला तीन ठिकाणी आत दाबलेले खळगे आहेत, काठ तिपानी आहे, आणि मधासारख्या पिवळसर अंगावर पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर तेल सांडल्यावर दिसतात तसे निळे-रुपेरी ठिपके आहेत. तळाशी सही, शिक्का किंवा चिकटवलेली चिठ्ठी यांपैकी काहीही नाही. बाबा गेल्यानंतर दादाने आणि मी ठरवले की, ही काच कोणत्या भट्टीतून आली असेल ते तिच्या पृष्ठभागावरूनच शोधायचे, आणि त्यासाठी अशी झळाळती काच जिथे मोठ्या प्रमाणावर घडली त्या बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागात, जायचे.

फुलदाणी बरोबर नेणे शक्य नव्हते. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेण्यास 1972 च्या कायद्याने मनाई आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून मी तिची छायाचित्रे चार प्रकारच्या उजेडात काढली: खिडकीच्या सौम्य उजेडात, पाठीमागे दिवा ठेवून, विजेरीचा झोत जवळजवळ समांतर टाकून आणि उलटी धरून तळाची. शिवाय उंची, परीघ, वजन आणि कागदावर उतरवलेली बाह्यरेषा एवढे साहित्य घेऊन गेल्या सप्टेंबरात आम्ही प्रागला उतरलो.

पहिला दिवस: प्राग

जुन्या ज्यू दफनभूमीच्या शेजारी असलेले कलाउद्योग संग्रहालय 1885 मध्ये स्थापन झालेले आहे. तिथे आम्ही दुपारपर्यंत थांबलो. मात्र पहिल्याच दिवशी निष्कर्ष काढायचे नाहीत असे आमचे ठरले होते. मला फक्त झळाळीचे प्रकार डोळ्यांत भरून घ्यायचे होते.

जमिनीत शतकानुशतके पुरलेल्या रोमन काचेवरही इंद्रधनुषी रंग दिसतात. पण ती झळाळी कोणी मुद्दाम दिलेली नसते. ओलाव्याने काचेतले अल्कली क्षार झिरपून जातात, मागे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे अतिशय पातळ थर उरतात आणि त्या थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून रंग उमटवतात. म्हणूनच त्या काचेला हात लावला तर पापुद्रा सुटू शकतो. एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांना हाच परिणाम, पण टिकाऊ स्वरूपात हवा होता. व्हिएन्नाच्या 1873 च्या जागतिक प्रदर्शनात लोबमायर या पेढीने अशी झळाळती काच मांडली आणि पुढच्या तीस वर्षांत तिचे वेड युरोपभर पसरले. कारागिरांची युक्ती अशी होती की, भट्टीतून नुकत्याच निघालेल्या तप्त काचेला कथिलाच्या क्लोराइडची वाफ द्यायची. त्यामुळे पृष्ठभागावर कथिलाच्या ऑक्साइडचा, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तोडीचा पातळ थर बसतो. हा थर काचेशी एकजीव झालेला असतो आणि नखाने निघत नाही. आपल्या फुलदाणीची झळाळी या दुसऱ्या जातीची आहे, एवढे मात्र त्याच संध्याकाळी वहीत निःशंकपणे लिहिता आले.

दुसरा दिवस: क्लातोवी

सकाळी भाड्याची मोटार घेऊन आम्ही नैऋत्येला निघालो. क्लातोवी हे शुमावा पर्वतराजीच्या पायथ्याचे शहर. तिथे लोत्झच्या काचेसाठी एक स्वतंत्र काचदालन आहे, आणि आमच्या प्रवासाचा खरा आरंभ तिथेच झाला असे मी मानते.

लोत्झ हे नाव पुढे सारखे येणार आहे, म्हणून थोडे सांगून ठेवते. रेइश्टेइनजवळच्या क्लाश्टर्स्की म्लीन या वस्तीत, जिला जर्मनमध्ये क्लोस्टरम्यूले म्हणत, 1836 मध्ये योहान आयझनर यांनी काचकारखाना सुरू केला. तो 1851 मध्ये फ्रांत्स गेर्स्टनर आणि त्यांची पत्नी सुझाना यांच्याकडे आला. सुझाना ही योहान लोत्झ या काचकारखानदाराची विधवा, आणि कारखान्याचे नाव पुढे 'योहान लोत्झ यांची विधवा' असेच पडले. ज्या माणसाचे नाव जगभर झाले त्याने हा कारखाना कधी चालवलाच नव्हता. तो नावारूपाला आणला त्याच्या पत्नीने. 1879 मध्ये तिचा नातू माक्स फॉन श्पाउन याने सूत्रे हाती घेतली आणि तांत्रिक संचालक एडुआर्ड प्रोखास्का याच्या साथीने त्याने जे घडवले ते पॅरिसच्या 1900 च्या जागतिक प्रदर्शनात ग्रां प्री हे सर्वोच्च पारितोषिक मिळवण्याइतके अपूर्व ठरले.

दालनातल्या काचेपुढे उभे राहिल्यावर सजावटींची नावे आणि त्यांचे पोत यांची सांगड हळूहळू लागू लागली. 'पापियों', म्हणजे फुलपाखरू, या सजावटीत तप्त गोळा चांदीचे क्षार असलेल्या काचेच्या बारीक कणांवर लोळवलेला असतो. गोळा पुन्हा तापवून फुगवला की प्रत्येक कण पसरून चपटा ठिपका होतो, आणि अखेरीस वाफ दिली की प्रत्येक ठिपका फुलपाखराच्या पंखावरच्या खवल्यासारखा चमकतो. 'रुस्तिकाना'चा पृष्ठभाग झाडाच्या सालीसारखा खडबडीत असतो. 'फेनोमेन' या मोठ्या कुळात चांदीयुक्त काचेचे धागे तप्त गोळ्याभोवती गुंडाळून, आकड्याने ओढून त्यांच्या लाटा केलेल्या असतात. रंगीत रांगोळीची ओली रेघ काडीने ओढून नक्षी काढावी तसे ते काम आहे, फरक इतकाच की इथे रांगोळीची जागा हजार अंशांच्या आसपास तापलेल्या काचेने घेतलेली असते.

जोडनावाचा पहिला भाग अंगच्या रंगाचा असतो. 'कांदिया' म्हणजे फिकट पिवळसर पारदर्शक अंग, 'क्रेता' म्हणजे हिरवे. त्यावरून 'कांदिया पापियों', 'क्रेता रुस्तिकाना' अशी जोडनावे होतात. पृष्ठभागावरचा निळा किंवा सोनेरी रंग हा या नावांशी संबंधित नसतो, कारण तो झळाळीचा आहे, काचेचा नव्हे, हे ध्यानात आल्यावर माझ्या मनातला मोठा गोंधळ मिटला. एखाद्या निळ्या दिसणाऱ्या फुलदाणीचे अंग प्रत्यक्षात मधाच्या रंगाचे असू शकते. ते ओळखण्याच्या दोन जागा आहेत. एक म्हणजे पाठीमागून उजेड सोडणे, आणि दुसरी, अधिक खात्रीची, तळाचा घासून गुळगुळीत केलेला वर्तुळाकार भाग. तिथली झळाळी घासण्यात निघून गेलेली असते आणि एखाद्या खिडकीतून पाहावे तसा मूळ रंग दिसतो. मी आमच्या फुलदाणीच्या तळाचे छायाचित्र पिशवीतून काढून पाहिले. तिथला रंग फिकट, किंचित हिरवटपणाकडे झुकणारा पिवळा होता.

"म्हणजे कांदिया पापियोंच की गं ही," दादा म्हणाला. मलाही क्षणभर तसेच वाटले. परंतु काचेपुढे छायाचित्र धरून मी जितका वेळ पाहिले तितका तो आनंद ओसरत गेला. लोत्झच्या ठिपक्यांची वीण दाट होती. ते एकमेकांना जवळजवळ टेकलेले होते आणि तरीही प्रत्येकाची कड वेगळी राहिली होती. आमच्या फुलदाणीवरचे ठिपके मोठे आहेत, मानेकडे ते ताणले जाऊन एकमेकांत मिसळतात आणि खळग्यांच्या कडेला तर अगदी विरळ होतात. शिवाय विजेरीच्या आडव्या झोतात काढलेल्या छायाचित्रात उभ्या, पुसट धारा दिसत होत्या, ज्या मी घरी पाहूनही न पाहिल्यासारख्या केल्या होत्या.

तिसरा दिवस: काश्पेर्स्के होरी

एके काळी सोन्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या या डोंगरी गावात शुमावा संग्रहालय आहे आणि त्यात लोत्झच्या काचेचा मोठा संग्रह आहे. सकाळी पाऊस होता, पर्यटक थोडे होते आणि आम्हाला प्रत्येक कपाटापुढे हवा तितका वेळ मिळाला.

इथे मी पोतापेक्षा आकाराकडे लक्ष दिले. लोत्झचे कागदी नमुने मोठ्या संख्येने टिकून राहिले आहेत. एखादी फुलदाणी घडवण्यापूर्वी तिची बाह्यरेषा कागदातून कापून काढत, कारागीर तिच्याशी ताडून काच फुंकत आणि त्या कागदावर उत्पादनाचा क्रमांक, काही वेळा सजावटीचे नावही लिहिलेले असे. लोत्झची बहुसंख्य काच सहीविना बाजारात गेली. तेव्हा आज तिची ओळख पटते ती या कागदांमुळे. पोत सांगतो की काच कोणत्या रीतीने घडली. पण तीच रीत दोन कारखान्यांना अवगत असू शकते. आकार कागदाशी जुळला तर मात्र बोलणे खुंटते. माझ्या पिशवीतली बाह्यरेषा ही त्याच जातीचा पुरावा आहे, हे मला त्या दिवशी कळले. पुण्यात ती मी केवळ हौस म्हणून काढली होती.

सह्यांविषयीही लिहायला हवे, कारण आपल्याकडे सही दिसली की लोक शोध थांबवतात. निर्यातीच्या काही मालावर लोत्झने आपले नाव आणि 'ऑस्ट्रिया' हे शब्द कोरले. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे आवश्यक झाले होते. परंतु किमती वाढल्यावर सही नसलेल्या वस्तूंवर, इतर कारखान्यांच्या वस्तूंवरसुद्धा, हे शब्द मागाहून कोरण्यात आले. त्यामुळे अक्षरे भिंगातून पाहावी लागतात. शंभर वर्षे टेबलावर सरकलेल्या तळाला, तो जिथे टेकतो तिथेच, निरनिराळ्या दिशांचे बारीक ओरखडे पडतात. हे ओरखडे अक्षरांवरून गेले असतील तर अक्षरे जुनी असण्याचा संभव आहे. अक्षरांनी ओरखड्यांना छेद दिला असेल तर ती नंतरची आहेत. ओरखडे एकाच दिशेचे आणि सगळ्या तळावर सारखे पसरलेले असतील तर ते घासपट्टीने केलेले असू शकतात. बाबांच्या फुलदाणीवर सही नाही याची खंत मला वर्षानुवर्षे होती, ती त्या दुपारी गेली.

चौथा दिवस: क्लाश्टर्स्की म्लीन

काश्पेर्स्के होरीहून रेइश्टेइनला उतरणारा रस्ता दाट अरण्यातून जातो आणि खाली ओतावा नदी खडकांवरून खळाळत वाहताना दिसते. क्लाश्टर्स्की म्लीन इथला कारखाना 1947 मध्ये कायमचा बंद पडला. आज इथे भट्टीचा धूर नाही. काही इमारती, नदी आणि दोन्ही अंगांनी चढत गेलेले जंगल एवढेच आहे.

तरीही हा दिवस मला सर्वांत जवळचा वाटतो. काच इथेच का, या प्रश्नाचे उत्तर पायांखाली होते. शुमावाच्या कातळात गारगोटी आहे, तिची पूड हे काचेचे मूळ द्रव्य. बीच आणि स्प्रूसच्या अरण्याने भट्ट्यांना इंधन दिले आणि त्याच लाकडाच्या राखेतून पोटॅशचा क्षार मिळाला, जो गारगोटीचा वितळणांक खाली आणतो. नदीने यंत्रे फिरवली. अशी दरी हेरून काचकार आत आले, आजूबाजूचे लाकूड संपले की पुढच्या दरीत गेले, आणि अशा रीतीने सारी शुमावा काचेच्या गावांनी भरून गेली. एकमेकांपासून दिवसभराच्या वाटेवर असलेल्या या गावांत कारागीर कामासाठी येत-जात राहणे ओघानेच आले, आणि हात फिरले की हातातली युक्तीही फिरते. दोन कारखान्यांचे ठिपके इतके सारखे का दिसतात, ते कळण्यासाठी मला ही दरी पाहावी लागली.

नदीकाठी एका ओल्या दगडावर आम्ही डबा उघडला. पाण्यावर मावळतीचा उजेड होता आणि प्रवाहाच्या कडेला हिरवा, निळा, रुपेरी असे रंग एकामागून एक सरकत होते. माक्स फॉन श्पाउन या पाण्याकडे रोज पाहत असेल, असा विचार माझ्या मनात आला आणि तो मी वहीत लिहून ठेवला.

पाचवा दिवस: लेनोरा

लेनोरा, जर्मनमध्ये एलेओनोरेनहाइन, हे वरच्या व्ल्तावा नदीच्या खोऱ्यातले गाव. इथला काचकारखाना 1834 चा, संस्थापक योहान मायर. गावाला नाव श्वार्त्सेनबर्ग राजपुत्राच्या पत्नीवरून, एलेओनोरेवरून, दिलेले. 1881 पासून हा कारखाना 'विल्हेल्म क्रालिक पुत्र' या नावाने चालला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने झळाळत्या काचेचे प्रचंड उत्पादन केले. आम्ही मोटारीने पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती, त्यामुळे पाहणे घाईचे झाले. पण त्या छोट्या गावातून नदीपर्यंत चालत जाऊन आलो, आणि बोहेमियाच्या नकाशावरची लेनोरा आणि क्लाश्टर्स्की म्लीन ही दोन गावे किती जवळ आहेत हे अनुभवाने समजले.

सहावा दिवस: पासाऊ

लेनोराहून सीमा ओलांडली की दीडएक तासात बव्हेरियातले पासाऊ येते. डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांच्या संगमावरचे हे शहर. तिथल्या जुन्या हॉटेल-इमारतीतल्या काच संग्रहालयाचे उद्घाटन 1985 मध्ये चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांनी केले होते. खोल्यांमागून खोल्या बोहेमियन काचेने भरलेल्या आहेत आणि निरनिराळ्या कारखान्यांचे काम एका दिवसात शेजारी-शेजारी पाहता येते. हेच मला हवे होते.

पाल्मे-क्योनिग यांची, उत्तरेकडच्या तेप्लित्से परिसरातल्या भट्टीची काच मी प्रथम वेगळी करायला शिकले. तिच्यावरचे धागे बहुधा वर उमटलेले असतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे अंगाभोवती पसरलेले. बोट फिरवले तर ते लागतील असे वाटते. लोत्झच्या फेनोमेन काचेत धागे बहुतेक वेळा अंगात वितळून सपाट झालेले दिसतात. हा फरक काचेच्या कपाटाबाहेरूनही, आडव्या उजेडात, ओळखता येतो.

मग काठ आणि तळ. फुंकनळीवरून काच सुटी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात तळाला लोखंडी कांब चिकटवून वस्तू उलटी धरतात, काठ पुन्हा आगीत तापवून हाताने घडवतात आणि शेवटी कांब तोडतात. अशा वस्तूचा काठ आगीने गोलसर, मऊ होतो आणि तळाशी तुटल्याची खूण राहते, जी चांगल्या कारखान्यात घासून गुळगुळीत करत. दुसऱ्या मार्गात साच्यात फुंकलेली वस्तू नळीवरून तडकावून सुटी करतात आणि वरची कड दगडावर सपाट घासतात. तिथे कांबेची गरजच नसल्याने तळाशी खूण नसते. काठ पाहून तळाचा अंदाज बांधता येतो आणि तळ पाहून काठाचा. दोन्हींची साक्ष विसंगत निघाली तर फुटका काठ कोणीतरी मागाहून घासला असावा, असा संशय घ्यावा.

साच्याचीही खूण राहते. दोन भागांच्या साच्याची शिवण फिरवून फुंकल्यास पुसली जाते, पण उभ्या खाचांच्या साच्यात गोळा आधी दाबून मग मोकळा फुंकला तर त्या खाचांच्या पुसट धारा अंगावर उरतात. आमच्या फुलदाणीवरच्या उभ्या धारा त्याच होत्या. अशा धारांवर मोठे, ताणलेले ठिपके आणि आत दाबलेले खळगे हा मेळ मला लोत्झच्या कपाटांत एकदाही दिसला नाही. जवळचे नातेवाईक दिसले ते क्रालिकच्या काचेत. तिपानी काठाची वळणे आणि मानेची लांबी मी बाह्यरेषेशी ताडून पाहिली. तंतोतंत जुळणारी वस्तू मिळाली नाही, म्हणून मी माझ्या वहीत 'क्रालिक' या शब्दापुढे 'बहुधा' लिहिले आणि तो शब्द खोडायचा नाही असे दादाला सांगितले.

परतताना विमानात दादाने विचारले, "आणि घरी जी दुसरी आहे, आईची पन्हे द्यायची झळाळती सुरई, ती?" ती मात्र निराळ्या घरची आहे. तिच्या दोन्ही बाजूंना स्पष्ट शिवण आहे, नक्षी फुगीर आणि प्रत्येक ठिकाणी सारखी आहे, म्हणजे ती साच्यातून काढलेली आहे. वरून झळाळीचा फवारा दिलेली अशी काच अमेरिकेत 1907 च्या आसपासपासून मोठ्या प्रमाणावर निघाली आणि पुढे फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सनेही ती बनवली. आईने ती सुरई लग्नानंतर मंडईजवळच्या दुकानातून घेतली होती. तिची ओळख पटवायला शुमावाला जाण्याची गरज नव्हती, पण ती नीट पाहायला मी शुमावालाच शिकले.

पुण्याला पोहोचल्यावर सकाळी आठच्या उन्हात मी फुलदाणी खिडकीत ठेवली. माझ्याकडे तिच्या काठाचे वरून काढलेले एकही छायाचित्र नव्हते आणि पासाऊपासून ती उणीव मला डाचत होती. काठावरून अंगठा फिरवला. तिन्ही पानांची कड गोलसर, आगीने मऊ झालेली होती. कुठेही सपाट घासलेली नव्हती. उलटी केली तेव्हा तळावर कांब तोडल्याची खूण घासून गुळगुळीत केलेली, रुपयाएवढी, त्यातून अंगचा हिरवट-पिवळा रंग स्वच्छ दिसत होता, आणि टेकणाऱ्या कडेवर साऱ्या दिशांचे बारीक ओरखडे होते. काठ आणि तळ एकमेकांशी सुसंगत बोलत होते. मी पेन्सिलीने एका छोट्या कार्डावर लिहिले: 'बोहेमिया, सुमारे 1900 ते 1910, बहुधा क्रालिक, एलेओनोरेनहाइन, उभ्या धारांवर रुपेरी ठिपके, बाबांनी चोरबाजारातून आणली, 1974.' दादाने कार्ड वाचले, दुमडले आणि फुलदाणीच्या आत ठेवले.